नसलेल्या माणसाला शोधू नकोस

प्रिय मित्रा,

तू लिहिलंस की डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'परपेंडिक्युलर' हा अल्बम तू दोन गाण्यांनंतर बंद केलास, कारण त्यात त्यांचा जुना गिटारवादक रिची ब्लॅकमोर नाही. वाचून वाईट वाटलं, पण तुझ्यावर रागावता येत नाही. 1996 मध्ये हा अल्बम आला तेव्हा माझंही तेच झालं होतं. सोलो सुरू झाला की मनात एकच: इथे ब्लॅकमोरनं काय वाजवलं असतं? अल्बम संपला, तरी त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह मोर्सनं प्रत्यक्षात काय वाजवलं हे मला सांगता आलं नसतं. पुढे कितीतरी वर्षं तो माझ्या कपाटात तसाच पडून राहिला.

म्हणून सांगतो, ऐकताना नसलेल्या माणसाला शोधत बसू नकोस.

काय घडलं होतं ते आधी लक्षात घे. 1968 साली सुरू झालेला बँड. नोव्हेंबर 1993 मध्ये दौरा चालू असतानाच ब्लॅकमोर बाहेर पडला. जपानचे कार्यक्रम ठरलेले होते, ते गिटारवादक जो सॅट्रिआनीनं निभावून नेले. मग 1994 मध्ये मोर्स आला, डिक्सी ड्रेग्ज आणि कॅन्सस या बँडमध्ये वाजवून तयार झालेला. ब्लॅकमोरच्या काळातल्या 'मशीन हेड'सारख्या रेकॉर्डमुळे या बँडची गिटार कशी वाजायला हवी हे लोकांच्या कानात पक्कं बसलेलं. ब्लॅकमोरची नक्कल करणं सोपं होतं. मोर्सनं ती केली नाही, आणि बाकीच्या चौघांनी त्याला ती करायला लावली नाही. मला या अल्बममध्ये सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आता गिटार बाजूला ठेव. एकदा सगळा अल्बम फक्त जॉन लॉर्डसाठी ऐक. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून त्याचा सूर असा खरखरीत, गुरगुरणारा. ब्लॅकमोरच्या काळात गिटार आणि ऑर्गन एकमेकांना आव्हान देत. ती झुंज ऐकायला मला आजही आवडते. इथे मात्र दोघं एकमेकांना जागा देतात. एकाचा सूर कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हे ओळखायला कान द्यावा लागतो. मोर्सबरोबर लॉर्डचे स्टुडिओ अल्बम दोनच झाले, हा आणि 1998 चा 'अबँडन'. 2002 मध्ये लॉर्डनं बँड सोडला. हे माहीत झाल्यापासून मी ते ऑर्गनचे तुकडे जास्तच जपून ऐकतो.

मग 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' लाव. साडेसात मिनिटांचं आहे, मध्येच उठू नकोस. सुरुवातीला गिटारच्या तारा एकेक करून, अगदी हलक्या हातानं छेडलेल्या. इयन गिलन खालच्या पट्टीत, जवळ बसून बोलल्यासारखा गातो. गाण्याचं नाव किंकाळीचं, आणि गाणारा कोण, तर 1970 मध्ये 'चाइल्ड इन टाइम'मध्ये किंकाळ्यांनी अंगावर काटा आणणारा माणूस. आपण वाट बघतो, आता ओरडेल, आता ओरडेल. तो ओरडत नाही. पन्नाशीतला माणूस ओरडावंसं वाटतं एवढंच सांगतो, आणि जे सांगायचं राहिलं ते शेवटी मोर्सची गिटार सांगते, एकेक सूर लांबवत. ते पहिल्यांदा नीट ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पहिलंच गाणं, 'टेड द मेकॅनिक', तू 'नुसती बडबड' म्हणून सोडलंस. गिलन खरंच अर्धं गाणं बोलतो. पण त्याच्या बोलण्याखाली ड्रमवर इयन पेसचा ठेका ऐक, आणि रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, मोर्स तारेतून जे चिरकणारे उंच सूर, हार्मोनिक्स, काढतो ते ऐक. 'द एव्हिएटर' तर लोकगीताच्या वळणाचं आहे. या बँडकडून कोणी त्याची अपेक्षाच केली नव्हती.

सगळंच उत्तम आहे असं मात्र समजू नकोस. तासाभराहून लांब अल्बम आहे, दोन-तीन गाणी वगळली असती तर अधिक घट्ट झाला असता. 'सून फरगॉटन' मला अजूनही धरता आलेलं नाही. दुर्लक्षित अल्बम आवडला की त्याला डोक्यावर घेऊन 'मशीन हेड'हून श्रेष्ठ ठरवायची घाई होते, तीही करू नकोस. त्यात पुन्हा तुलनाच होते, आणि समोरचं वाजणं ऐकायचं राहून जातं.

ऐकताना फोन बाजूला ठेव, गाणी त्यांच्या क्रमानंच जाऊ दे. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कंटाळा येईल, येऊ दे. 'अ टच अवे'पर्यंत पोचलास की त्यात ऑर्गन नक्की काय करतो ते मला लिहून पाठव. माझं उत्तर मी लिहून ठेवलंय, तुझं आलं की पाठवीन.

सस्नेह,
तुझा काका