सोलापुरात एकत्र कुटुंबात राहून नवरा-बायकोने दोन दिवस बाहेर कसे पडावे?

आपण विचारले आहे की लग्नाला सहा वर्षे झाली, घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि चार वर्षांचा मुलगा आहे, सणवार आणि मित्रमंडळींचे कार्यक्रम यांत वर्ष कधी सरते ते कळत नाही, आणि दोघांनीच दोन दिवस कुठेतरी जाऊन यावे हे घरात बोलून दाखवायलाही संकोच वाटतो. तर हा विषय काढावा कसा, मुलाचे काय करावे आणि सोलापूरहून जावे कुठे? मी याच शहरात आठ माणसांच्या घरात चौदा वर्षे संसार करते आहे. आपला हा संकोच मी स्वतः पाच वर्षे उराशी बाळगला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली विनंती अशी की सबब सांगून जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा नेमके तेच केले. ‘तुळजापूरला दर्शनाला जातो, उशीर झाला तर तिथेच मुक्काम करू,’ असे यजमानांनी घरात सांगितले. तुळजापूर सोलापूरपासून जेमतेम ४५ किलोमीटर, आणि आई भवानी आमची कुलस्वामिनी. देवीचे नाव निघाल्यावर घरातले कोण मागे राहणार? सासूबाईंनी ओटीचे सामान काढले, जाऊबाईंचा नवस फेडायचा राहिला होता, सासऱ्यांनी ओळखीच्या जीपवाल्याला फोन केला, आणि शनिवारी पहाटे शेजारच्या काकूंना धरून आम्ही नऊ जण निघालो. दर्शन फार छान झाले. रात्री घरी परतल्यावर मी आणि माझे यजमान मात्र बराच वेळ गप्प होतो, कारण राग धरावा असे कोणी काही केलेच नव्हते. ज्यांना आमच्या मनातले ठाऊक नव्हते त्यांनी प्रेमानेच सोबत केली होती.

‘मित्रांबरोबर तर आम्ही दोघे जातोच की, मग वेगळे कशाला,’ असेही आपल्या पतींचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. याचा विचार मीही पुष्कळ केला. यजमान धरून कॉलेजातल्या पाच मित्रांची कुटुंबे दर हिवाळ्यात मंगळवेढ्याकडे एका मित्राच्या शेतावर हुरडा खायला जमतात. तो दिवस मला वर्षभर पुरतो. गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते, कोवळी कणसे राखेत खुपसलेली असतात, आणि भाजलेले कणीस हाताला चटका देत असतानाच तळव्यावर चोळावे लागते, कारण निवले की दाणा सुटत नाही. फुंकर मारून कोंडा उडवला की हिरवट, दुधाळ दाणे मुठीत उरतात. त्यावर शेंगा चटणी, गुळाचा खडा आणि घट्ट दही. मुले उसाच्या फडाकडे पळतात, पुरुष आगटीभोवती बसतात, आम्ही बायका वाढण्यात आणि गप्पांत रमतो. पण एका वर्षी परतताना माझ्या लक्षात आले की सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत मी यजमानांशी दोनच वाक्ये बोलले होते. एक मुलीच्या स्वेटरविषयी आणि दुसरे ‘निघायचे का?’ हुरड्याचा आनंद खोटा नव्हता; तो सगळ्यांचा होता, आणि आम्हा दोघांना जे हवे होते ते त्यात मिळण्यासारखे नव्हते. हे यजमानांना मी त्याच रात्री सांगितले आणि त्यांना ते पटले. आपणही घरातल्या मोठ्यांशी बोलण्याआधी पतींशी इतके स्पष्ट बोलून घ्या, कारण दोघांचे एकमत नसेल तर पुढचे सगळे तुमची एकटीची हौस म्हणून मोजले जाईल.

घरात विषय मीच काढला, तोही स्वयंपाकघरात. सासूबाई कडक भाकरीसाठी ज्वारीचे पीठ मळत होत्या. ही भाकरी पापडासारखी पातळ थापावी लागते, त्यामुळे थापताना त्या कोणाकडे बघत नाहीत; मला त्याचाच आधार वाटला. मी म्हटले, ‘आत्या, आम्हा दोघांनाच दोन दिवस विजापूरला जाऊन यायचे आहे. काम काही नाही. नुसतेच.’ त्यांचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘तुळजापूरच्या येळेलाच सांगायचं की गं. मी काय अडवलं असतं व्हय?’ म्हणजे त्यांना तेव्हाच सारे उमगले होते, जीप निघून गेल्यावर का असेना. मग त्यांनी आपली हकिगत सांगितली. सासरे मिलच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते, तिन्ही पाळ्या करायचे, आणि घरात तेव्हा बारा माणसे. लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेला, त्यांच्या सासूने दोघांनाच होम मैदानावर पाठवले होते. आकाशपाळण्यात बसल्या तेव्हा भीतीने त्यांनी सासऱ्यांचा सदरा धरला, त्याचे एक बटण तुटून खाली पडले, आणि घरी आल्यावर त्यांनी ते कोणाला कळू नये म्हणून रात्री दिव्याखाली दुसरे लावले. एवढी एकच संध्याकाळ. हे सांगून त्या म्हणाल्या, ‘पोरगी माझ्यापाशी झोपती. तुम्ही जावा.’

आपल्या सासूबाई असेच बोलतील असा माझा दावा नाही. पण मोठी माणसे बहुधा जाण्याला हरकत घेत नाहीत, आपल्याला न विचारता ठरवले गेले याची बोच त्यांना लागते. म्हणून तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. सोलापुरात हे विशेष जपावे लागते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते. ६८ लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचे दारूकाम असे दिवस ओळीने येतात आणि घर पाहुण्यांनी भरलेले असते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्या आठवणीत सारे शहर पांढऱ्या बाराबंदीत अक्षता टाकायला लोटते. त्या आठवड्यात सुनेने बॅग भरणे मलाही बरे वाटणार नाही. कोजागरीच्या आधीचे दोन-तीन दिवस तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, आषाढीला पंढरपूरच्या बाजूला जाणे नको, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना दगडी इमारती बघण्यात सुख नाही. दिवाळी झाल्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम.

मुलाच्या बाबतीत मित्रमंडळींचाच उपयोग करून घ्या. आमच्या त्या पाच घरांतल्या बायकांची भिशी आहे. दरमहा प्रत्येकी १,००० रुपये जमतात आणि जिचा नंबर लागेल तिला ५,००० रुपये मिळतात. पूर्वी त्या पैशांचे मिक्सर, पडदे, मुलांचे क्लास असे काहीतरी होत असे. आम्ही नियमच असा केला की वर्षातल्या एका फेरीचे पैसे नवरा-बायकोने मिळून बाहेर जाण्यासाठीच वापरायचे आणि त्या दोन दिवसांत बाकीच्या चौघींपैकी एकीने मुलांना शनिवारी आपल्या घरी न्यायचे. मुलांना ती मेजवानीच वाटते, आजी-आजोबांवर सगळा भार पडत नाही, आणि पैसे घरखर्चातून काढल्याची टोचणीही राहत नाही. आपला मुलगा चार वर्षांचा आहे, म्हणून आधी एक रात्र आपण गावात असतानाच त्याला आजीजवळ झोपवून पाहा. आमची मुलगी पहिल्या रात्री साडेबारापर्यंत जागी राहिली आणि दुसऱ्या वेळेस नऊ वाजता झोपली.

आता कुठे जावे. दोन दिवसांसाठी माझे मत निःशंकपणे विजापूरच्या बाजूने आहे. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुरा आहे, पण आपल्या सोलापुरात विजापूर वेस आणि विजापूर रोड आहे, तिथे जुने नाव सुटणे कठीण. अंतर सुमारे १०० किलोमीटर. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागते आणि झळकीमार्गे सरळ रस्ता आहे. आम्ही शनिवारी सकाळी बसने निघालो, दुपारी लॉजवर सामान टाकले आणि जेवायला बसलो. पानात ज्वारीचीच रोट्टी, भरल्या वांग्याची एण्णेगायी आणि शेंगदाण्याची हिंडी, म्हणजे आपल्याच घरातली चव जराशा वेगळ्या हाताची. उन्हे कलल्यावर मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि विजापुरात येण्याआधी आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, हे कळल्यावर तिच्याशी जवळीक वाटते.

गोल घुमट मात्र रविवारी सकाळी दार उघडतानाच गाठावा. सहलीच्या बस आल्या की आत टाळ्या आणि आरोळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, त्याचा मृत्यू १६५६ सालचा. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर तो सगळा भार तोललेला आहे. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या अरुंद, उंच पायऱ्या चढून वर गेले की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक पहारेकरी आणि पारवे एवढेच होते. यजमान चालत समोरच्या बाजूला गेले, इतके लांब की त्यांचा चेहरा नीट दिसेना, आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, ‘दमलीस का?’ वक्र भिंतीवरून सरकत आलेला तो आवाज माझ्या कानाशीच उमटला. हा प्रश्न ते घरीही विचारत असतील. टीव्ही, कुकरची शिट्टी आणि मुलांची भांडणे यांत तो माझ्यापर्यंत पोहोचला नसेल. मी भिंतीला ‘नाही’ असे सांगितले आणि त्यांनी हात वर केला. तिथे आम्ही तासभर बसलो. मुलीच्या शाळेविषयी, यजमानांच्या नोकरीविषयी आणि मी पुन्हा शिकवण्या सुरू कराव्यात का याविषयी, पाच वर्षांत साठलेले कितीतरी बोलणे त्या सज्जात झाले.

त्यानंतर इब्राहिम रोजा पाहावा. एकाच जोत्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची आणि त्याची राणी ताज सुलताना हिची कबर तिथे आहे. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्यांतून ऊन कसे झिरपते ते पाहण्यासाठी घाई न करता बसावे. दुपारचे जेवण करून निघालो तर दिवेलागणीच्या आत घरी पोहोचलो, आणि पहिल्या खेपेस ते फार महत्त्वाचे असते. सांगितलेल्या वेळेला परतलात की पुढच्या वेळी विचारणे सोपे जाते.

एकदम रात्रीचा मुक्काम जड वाटत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका दिवसात नळदुर्ग करा. हैदराबाद रस्त्यावर सुमारे ४५ किलोमीटरवर हा किल्ला आहे, आणि याच दुसऱ्या इब्राहिमच्या काळात १६१३ साली बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल तिथे आहे. नदीला भरपूर पाणी असले तरच नर-मादी धबधबे वाहतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.

आणि मुलाला सोडून राहवणारच नाही असे वाटले, तर दक्षिण सोलापूर तालुक्यातले हत्तरसंग कुडल आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. हरिहरेश्वर मंदिरातल्या शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत, आणि संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला मराठी शिलालेख आहे, ज्याच्या शेवटी हा लेख वाचणारा विजयी होईल असे म्हटले आहे. मुलगा घाटाजवळच्या झाडाखाली खेळतो आणि आपल्याला बोलायला निवांत जागा मिळते. फक्त पाण्याच्या कडेला त्याच्यावर नजर ठेवावी. तिथे जेवणाचा भरवसा धरू नये. निघताना कडक भाकरी, शेंगा चटणी आणि झाकणाच्या डब्यात दही बरोबर घ्या. भाकरी फडक्यात गुंडाळून सगळ्यात वर ठेवा, नाहीतर पोहोचेपर्यंत तिचा चुरा होतो.