कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल ‘व्यापारी गुपित’ ठरतात का?

प्रश्न : आमचे गाव खाडीकाठी आहे, वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत. ओहोटीला पाण्याला उग्र वास येतो. बोय, काळुंदर हे मासे मरून काठाला लागतात. मी माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे एका रसायन कारखान्याचे संमतीपत्र (सांडपाणी सोडण्याची मंडळाची परवानगी), त्याच्या सांडपाण्याच्या नमुन्यांचे तीन वर्षांचे अहवाल आणि ‘मंडळ कारवाई का करत नाही’ हे विचारले. ‘त्रयस्थ पक्षाची हरकत असून माहिती व्यापारी गुपिताची आहे, कलम ८(१)(घ) नुसार देता येत नाही’ असे उत्तर आले. त्याला तीन आठवडे झाले. मग कंपनीच्या ठेकेदाराचा माणूस घरी येऊन ‘अर्ज कशाला केलात?’ असे विचारून गेला. पुतण्या तिथेच कंत्राटावर कामाला आहे. आता काय करू?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : आधी तारखेचे बघा. उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करावे लागते आणि तुमचे तीन आठवडे गेलेत. जोडपत्र ‘ब’ (पहिल्या अपिलाचा नमुना) भरा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि याच आठवड्यात त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. बाकीचे वाचन त्यानंतर केलेत तरी चालेल.

तुम्हाला मिळालेला नकार कायद्यात बसत नाही, हे मी ठामपणे सांगतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(घ) राखते ते व्यापारी गुपित, म्हणजे उत्पादनाची कृती किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यास धंद्याला धोका होईल अशी माहिती. पाइपातून बाहेर पडलेल्या पाण्यात सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जिरवायला लागणारा ऑक्सिजन) किती होता, सामू (आम्लतेचे माप) किती होता, हे कळून कोणाचा धंदा बुडत नाही. शिवाय तो अहवाल कंपनीने दिलेलाच नाही. जलप्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ खाली मंडळाचा माणूस नमुना घेतो आणि कलम २२ प्रमाणे विश्लेषक त्याच्या अहवालाच्या तीन प्रती करतो. एक कारखान्याला जाते, एक मंडळाकडे राहते आणि एक न्यायालयात हजर करण्यासाठी जपून ठेवायची असते. उघड न्यायालयात मांडण्यासाठीच जी प्रत ठेवतात, ती गावकऱ्यांपासून लपवायची कशी? अपिलात हा मुद्दा याच शब्दांत लिहा.

कंपनीच्या हरकतीला नकाराधिकार समजू नका. त्रयस्थ पक्षाचे, म्हणजे इथे कंपनीचे, म्हणणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ खाली ऐकून घ्यायचे असते, मान्यच करावे असे नाही. निर्णय जन माहिती अधिकाऱ्याचा, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कलम १९(५) नुसार त्याच्यावरच. संमतीपत्रात एखादी खरोखर गोपनीय ओळ असेल तर कलम १० प्रमाणे तेवढी झाकून बाकीचे देता येते. सबंध कागद दाबून ठेवायला कायद्यात जागा नाही.

अपिलात कदाचित कारण बदलेल आणि ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे ऐकायला मिळेल. तेव्हा पश्चिम घाटाचा दाखला द्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाच्या रक्षणाबद्दल २०११ च्या ऑगस्टमध्ये दिलेला अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दाबून ठेवला होता. केरळमधल्या एका नागरिकाने तो माहिती अधिकारात मागितला, त्यालाही ‘अहवाल अजून विचाराधीन आहे’ म्हणून नकार मिळाला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल उघड करायचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, १७ मे रोजी तिथेही हरले आणि त्याच महिन्यात अहवाल लोकांपुढे आला. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी ही लढाई विसरता कामा नये.

प्रथम अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. तो विरोधात गेला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे मात्र प्रकरणे तुंबलेली असतात, म्हणून केवळ माहिती अधिकारावर विसंबू नका.

दुसरा दरवाजा फारसा कोणी ठोठावत नाही, याचे मला वाईट वाटते. जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम २५(६) नुसार संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे, आणि सांडपाण्याने ज्याला झळ पोचते त्याला ती कामाच्या वेळेत पाहण्याचा हक्क आहे. खाडीवर पोट असलेल्या माणसाइतकी झळ कोणाला पोचते? ‘कलम २५(६) नुसार नोंदवही पाहायची आहे’ असे दोन ओळींचे पत्र द्या. हा माहिती अधिकाराचा अर्ज नाही, त्यामुळे जोडपत्र लागत नाही. रोज किती घनमीटर पाणी सोडायची परवानगी आहे, कुठे सोडायची आहे, प्रक्रियेनंतर सीओडी आणि बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) किती असायला हवा, हे वहीत उतरवून घ्या. मर्यादा हाती असली की नमुन्याचे आकडे तुमचे तुम्हालाच वाचता येतील.

कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागली असेल, तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्या अधिसूचनेने हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज ठरवले आहेत. त्यांची प्रत नुसत्या अर्जावर मिळायला हवी.

तुमच्या मूळ अर्जाबद्दलही सांगतो. ‘कारवाई का करत नाही’ हा प्रश्न रास्त आहे, पण माहिती अधिकारात नोंदीवर असलेलेच मिळते. अधिकाऱ्याच्या मनातले कारण मागता येत नाही. त्याऐवजी ‘या कारखान्याला दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, निर्देश आणि त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती’ मागा. नोटिसा निघाल्या नसतील तर तसे लेखी उत्तर मिळेल, आणि ते उत्तर पुढे तक्रारीत फार उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा प्रत्येक मागणीचा अर्ज वेगळा करा.

घरी आलेल्या माणसाचे मी हलक्यात घेत नाही. अर्जाचे कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार संपर्कापुरता तपशील पुरतो. मंडळालाही जे सांगावे लागत नाही, ते ठेकेदाराच्या माणसाला सांगायचे काही कारण नाही. तो कधी आला, काय बोलला, समोर कोण होते, हे आजच लिहून ठेवा. पुन्हा आला किंवा धमकीची भाषा वापरली, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. यापुढचे अर्ज एकट्याच्या नावाने नकोत. चार-पाच मच्छीमारांनी वेगवेगळे अर्ज करावेत, जमल्यास ग्रामसभेत ठरावही घ्यावा, म्हणजे दबाव एका घरावर येणार नाही आणि पुतण्याच्या नोकरीकडे बोट दाखवणे अवघड होईल.

अपिलासोबत मूळ अर्ज, त्याची पोच आणि नकाराचे पत्र जोडा. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असेल तर तेही जपून ठेवा. उत्तर नेमके कधी मिळाले याबद्दल वाद झाला तर ते कामी येईल.