"माझ्यासाठी वेगळं काही करू नका"

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. आलेले असतात भलत्याच कामासाठी, झोप लागत नाही, नोकरीत मन रमत नाही, आणि मध्येच तोंडातून सुटतं, "आता सगळे जमणार आणि परत जेवणावरून होणार." कोणी शाकाहारी झालेलं असतं आणि घरचे मांसाहारी, कोणी व्हेगन झालेलं असतं म्हणजे मांस मासे अंडी तर नाहीच पण दूध, दही, लोणी, मध हेही नाही, आणि घरचे म्हणतात आता घालायचं तरी काय. कधी खाणारा येतो, कधी रांधणारी येते. खाणारा म्हणतो, मला कोणी समजूनच घेत नाही. रांधणारी म्हणते, आमचं काही चालतच नाही. ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकलीयेत की एका माय-लेकीची गोष्ट सांगून टाकावी असं वाटलं. त्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि बऱ्याच सेशन्समधलं मोजकंच इथे देतेय.

आधी लेक आली. पंचविशी ओलांडलेली, व्हेगन होऊन बरेच दिवस झालेले, घरी सगळं खाणारे. आदल्या वर्षीच्या गेट-टुगेदरला ती भरल्या ताटावरून उठून गेली होती आणि तेव्हापासून आईशी कामापुरतंच बोलणं.

"मी तर काहीच मागत नाही मॅडम. आधीच फोन करून सांगते, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मी भात आणि सॅलड खाईन."

"मग खातेस?"

"हो."

"आवडीने?"

जरा वेळ गेला. "नाही. सगळे मजेत जेवत असतात आणि मी काकडी चावत बसते. मग कोणीतरी म्हणतंच, बघा कशी उपाशी राहते, की माझं डोकं फिरतं."

हे "माझ्यासाठी वेगळं काही करू नका" ऐकायला फार समजूतदार वाटतं, पण रांधणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ लागतो की तुमच्याकडे मला देण्यासारखं काही नाही. आणि बोलणाऱ्याच्या मनातही ते खरं नसतंच. मनात असतं की मी न मागताही यांनी करावं, आणि नुसतं करू नये तर माझं म्हणणं पटून करावं. मी विचार करायला शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडून, त्यांनी 1955 साली मांडलेली पद्धत मला आजही सगळ्यात कामाची वाटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इच्छा हवीच, ती तीव्र असली तरी हरकत नाही, पण इच्छेचा हुकूम झाला की माणूस आतून पेटतो. सगळ्यांना माझं पटावं ही इच्छा झाली. पटलंच पाहिजे, नाहीतर ते माझे नाहीत, हा हुकूम. जेवणाच्या टेबलावर जो राग येतो तो बहुतेकदा ह्या हुकुमाचा असतो, ताटातल्या पदार्थाचा फार थोडा.

मी तिला म्हटलं, "तू एकाच ताटात दोन गोष्टी मागतेयस. जेवण आणि मान्यता. जेवण आज मिळू शकतं. मान्यता कधी मिळेल ते तुझ्या हातात नाही. मान्यता येईपर्यंत जेवणार नाहीस का?"

तिला हे लगेच पटलं नाही, आणि लगेच पटावं अशी माझी अपेक्षाही नसते. पण पुढच्या वेळी तिनेच विचारलं, आईला घेऊन येऊ का.

काकू आल्या त्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद घेऊन. लेकीने आदल्या वर्षी पाठवलेली यादी, काकूंनी प्रिंट काढून फ्रिजवर लावली होती, कडेला तेलाचे डाग पडलेले. अगदी बारकाईने केलेली यादी होती आणि खरी होती. दूध, दही, चीज, बटर, मध. विकतच्या ब्रेड-बिस्किटांत दुधाची पावडर असू शकते ती बघायची. जेली आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. नॉन-डेअरी लिहिलेल्या क्रीमरमध्येही केसिन म्हणजे दुधातलं प्रोटीन असू शकतं. सूपला लागणारा तयार स्टॉक म्हणजे मांस-हाडं उकळून केलेलं पाणी, ऑयस्टर सॉस, वूस्टरशर सॉस ज्यात छोटे मासे असतात. दोन्ही बाजू भरून नुसते नकार.

"हे वाचून काय वाटलं काकू?"

"वाटलं की मला स्वयंपाकच येत नाही."

मग एकेक निघत गेलं. ही बारीक झालीये, हिला प्रोटीन कुठून मिळणार, दूध नाही तर हाडांचं काय, कुठेतरी वाचलंय की बी-ट्वेल्व्ह कमी पडतं. लेक तिथेच बसलेली होती, ती म्हणाली, "आई, मी बी-ट्वेल्व्ह घेते. डॉक्टरांना विचारून घेते, रिपोर्टही आहे." आणि फोनमध्ये दाखवला. काकूंनी चष्मा लावून आकडे वाचले. म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलंस?" तिने कधीच सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटायचं की आई विचारते ती टोमणा मारायला. आणि आईची शंका चुकीची नव्हतीच हो, बी-ट्वेल्व्ह व्हेगन माणसाला गोळीतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. काळजी आणि टोमणा यांचा सूर आपल्याकडे इतका सारखा लागतो की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की तब्येतीचं बोलणं सणाच्या ताटावर नको, आधी निवांत बसून, रिपोर्ट समोर ठेवून करा. सणाच्या एका जेवणाने कोणाचं पोषण घडतही नाही आणि बिघडतही नाही.

मला वाटलं मोकळं झालं सगळं. पण काकू कागदाची घडी घालत परत उघडत बसल्या होत्या. मी गप्प राहिले. अशा वेळी समोरच्याला शब्द पुरवायचे नाहीत हे मी वर्षानुवर्षं कसोशीने पाळत आलेय, आणि जे बाहेर पडतं ते तेव्हाच पडतं.

"हिच्या प्रत्येक वाढदिवसाला केक मीच केला," काकू म्हणाल्या. "एकदाही विकतचा नाही आणला. आता ही म्हणते अंडी नको, बटर नको. म्हणजे एवढी वर्षं मी हिला वाईटच खाऊ घातलं का?"

लेक बघतच राहिली. तिच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. ती बोलत होती गाई-म्हशींबद्दल, कोंबड्यांबद्दल, आणि आईला ऐकू येत होता स्वतःवरचा निकाल. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "नाही गं आई. मला तो केक अजून आठवतो. खाता येत नाही म्हणून तर जास्त आठवतो."

काकू रडल्या, लेकही रडली, मी पाणी पुढे केलं. आणि मग काकूंनी डोळे पुसत जे म्हटलं ते माझ्या मते ह्या सगळ्या केसचं मर्म आहे. "हे बघ, मला तुझं अजून पटलेलं नाही. पण मी तुला काय वाढू ते सांग."

पटलेलं नाही आणि काय वाढू, एका दमात. जे मी लेकीला किती प्रकारे समजावत होते ते काकूंनी स्वतःहून वेगळं करून समोर ठेवलं. घरोघरी हेच अडलेलं असतं असं मी आता ठामपणे म्हणते. रांधणाऱ्याला वाटतं मी करून घातलं म्हणजे मी हरले. खाणाऱ्याला वाटतं यांचं मत बदललं नाही तर करून घालण्याला अर्थ काय. मतं जिथे आहेत तिथे राहू देत की, आपल्याला फक्त जेवायचंय.

मी लेकीला पेन दिलं आणि म्हटलं, एक कोरा कागद घे आणि तू काय खातेस ते लिही. नको त्याची यादी आईकडे आहे, हवं त्याची कुठेय? ती लिहायला लागली. डाळी, चणे, राजमा, मशरूम, बटाटा, वांगं, भोपळा, टोफू, शेंगदाणे, तीळ, नारळाचं दूध, सगळी फळं, डार्क चॉकलेट पण लेबल बघून. काकू वाकून वाचत होत्या. "अगं, यातलं निम्मं तर आपल्याकडे होतंच!"

पुढचं काम मग स्वयंपाकघराचं होतं, आणि त्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण भावनांवर बोलणारे खूप असतात, मेन्यूवर कोणी बोलत नाही.

एक तर तिचं ताट वेगळं करायचं नाही. वेगळं ताट म्हणजे आजाऱ्याचं ताट, त्यावर सगळ्यांची नजर जाते आणि प्रश्न सुरू होतात. त्यापेक्षा सगळ्यांसाठी होणाऱ्या पदार्थांतले जेवढे सहज होतील तेवढे मुळातच व्हेगन करा, फोडणी तेलाची, सूप भाजीच्या पाण्याचं, भात साधा, आणि बटर, क्रीम, चीज हे शेवटी, वाटीत बाजूला, ज्याला हवं तो वरून घेईल. नुसत्या ह्या एका बदलाने निम्मा मेन्यू सुटतो. दुसरं म्हणजे पोटभरीचा, मुख्य म्हणावा असा एक पदार्थ हवाच. व्हेगन माणसाला लोक साइड डिश खायला घालतात, बटाटा, सॅलड, फळं, आणि मग तो रात्री किचनमध्ये ब्रेड शोधत फिरतो. चणे, राजमा, डाळ, टोफू, मशरूम यातलं काहीतरी मोठं, चांगलं मसालेदार, टेबलाच्या मधोमध ठेवण्यासारखं करा. आणि ते भरपूर करा, एका माणसापुरतं नको! हे मी किती जणांकडून ऐकलंय, की व्हेगन पदार्थ सगळ्यांना आवडला, आधी सगळ्यांनी घेतला, आणि जिच्यासाठी केला तिच्यापर्यंत भांडं रिकामं आलं. चणे स्वस्त पडतात, एक वाटी सुके चणे भिजवून उकडले की अडीच-तीन वाट्या होतात, हात आखडायचं कारणच नाही. राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळून मग शिजवा, अर्धकच्चा राजमा पोटाला फार त्रास देतो. वाढायच्या भांड्यात ज्याचा त्याचा चमचा ठेवा, मांसाच्या रश्श्यातला चमचा चण्यात गेला की शाकाहारी माणसाचं ते जेवण तिथेच संपलं.

केकचं मात्र मी काही सुचवलं नाही. ते त्या दोघींनी आपापसात केलं आणि मला येऊन सांगितलं. 2014 साली जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं होतं की काबुली चणे शिजलेलं चिकट पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. लेकीने ते आईला सांगितलं तर काकूंनी साफ वेड्यात काढलं, चण्याच्या पाण्याचा म्हणे केक. तरी मिक्सर घेऊन बसल्या. चार-पाच मिनिटं काही होईना, नुसतं पाणी, मग हळूहळू पांढरं व्हायला लागलं आणि भांडं उलटं केलं तरी पडेना. "उलटं केलं मॅडम, डोक्यावर धरलं तरी पडेना!" हे काकू मला हात वर करून दाखवत होत्या. पहिला केक मध्ये खचला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवसाची पूड वापरली, एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवली की एका अंड्याचं काम होतं, बटरच्या जागी तेल, आणि सोया दुधात थोडं व्हिनेगर घालून ते फाटू दिलं. तो जमला. मला ह्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की आईचं कौशल्य परत कामाला लागलं. जिने आयुष्यभर खाऊ घातलं तिला तुम्ही यादी पाठवता तेव्हा तिला विद्यार्थी करता. तिला "हे कसं जमवायचं गं आई" असं विचारलंत की ती परत जाणकार होते.

गेट-टुगेदर झालं ते अगदी छान झालं असं नाही. एक काका बोललेच, की झाडांनाही जीव असतो. आम्ही याचा सराव केला होता. लेक म्हणाली, "काका, जेवण झाल्यावर बोलूया, आत्ता गरम आहे तोवर घ्या." संपलं. वाद घालायचा नाही, हसण्यावारीही न्यायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं, आणि खरोखर कोणी जेवणानंतर विचारलं तर नीट बोलायचं. हो, आणि व्हेगन मंडळींना एक कळकळीचं सांगणं, दुसऱ्याच्या ताटात काय आहे यावर चकार शब्द नको. आपल्या ताटावर कोणी बोलू नये वाटत असेल तर एवढं तर पाळायलाच हवं.

लग्न झालेली जोडपी मला विचारतात की सासरी हे सांगायचं कोणी. ज्याचं ते घर आहे त्याने. सुनेने सासूला यादी पाठवायची नाही, मुलाने आईला फोन करायचा, आणि तोही आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी, जेव्हा सामान आणायचं असतं. फोनवर "हिला हे चालत नाही" एवढंच बोलून ठेवू नका, "आई, एवढे दोन पदार्थ असले की झालं, एक आम्ही करून आणतो, सगळ्यांना पुरेल एवढा" असं ठोस सांगा.

आणि एक गोष्ट जिथे मी घरच्यांची बाजू अजिबात घेत नाही. काही घरांत मुद्दाम लोणी घालतात, स्टॉक घालतात आणि म्हणतात कळणार पण नाही. नंतर हसत हसत सांगतात. असं झालेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न जेवणाचा उरलेलाच नसतो, त्या घरात पाणी प्यायलाही भीती वाटते अशी त्यांची अवस्था असते. तसं घर असेल तर तिथे बदल होईल म्हणून थांबू नका. निघण्याआधी थोडं खाऊन जा, आपला एक मोठा डबा घेऊन जा, सगळ्यांना त्यातलं वाढा, आणि ज्याने घातलं त्याला एकट्याला गाठून आवाज न चढवता सांगा की मला न सांगता घातलंत, आता तुमच्या हातचं खाताना मला विचारावं लागेल. आणि खरंच विचारा, प्रत्येक वेळी, जोपर्यंत खात्री वाटत नाही तोपर्यंत.