सही करायच्या आधी

प्रिय बाळ,

काल फोनवर म्हणालीस की प्रबंधाची सॉफ्ट कॉपी आणि तो ऑनलाइन ठेवायचं संमतीपत्र देऊन टाकते, त्यात काय बघायचंय, आणि तेवढ्यात रेंज गेली. बघायचं बरंच आहे गो, म्हणून लिहायला बसलो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2009 च्या नियमांपासून पीएचडीच्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावीच लागते, ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेच्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाते आणि मग कोणीही उघडून वाचू शकतं. हे चांगलंच आहे, घाबरू नकोस. प्रबंध ऑनलाइन गेला म्हणून तुझा कॉपीराइट जात नाही, तू लिहिलंस तेव्हाच तो तुझा झाला, रजिस्ट्रेशन लागत नाही, तू असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं तो राहतो.

पण प्रबंधात सगळं तुझं नाहीये ना! कुडाळकडच्या जत्रांत रात्र रात्र जागून तू दशावताराचं रेकॉर्डिंग केलंस, अभ्यासासाठी तसं करायला कायद्याची हरकत नाही, पण ते व्हिडिओ परिशिष्टात लावून जगाला खुले करणं वेगळं, कारण कलाकाराला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो. आणि दशावतारात संभाषणं तर तो नट उभ्या उभ्या रचतो, ती त्याच्या डोक्यातली असतात, तुझी किंवा माझी नाहीत. तेव्हा प्रत्येकाच्या घरी जा, मालवणीत नीट समजावून सांग की काय कुठे दिसणार आहे, आणि मग साध्या मराठीत लिहिलेल्या कागदावर सही घे. नाही म्हणाला तर तो व्हिडिओ काढ, वर्णन ठेव. तो जुना स्टुडिओतला दशावतारी कंपनीचा फोटोही तपास, पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, ज्याने तुला कपाटातून काढून दिला त्याचा असेलच असं नाही.

दुसरं, प्रकाशकाचे ईमेल. प्रबंध वर गेला की येतात, पुस्तक काढू म्हणून. मला आला तेव्हा मी हुरळून न वाचताच सही केली, सगळे हक्क, सगळ्या भाषा, कायमचे. पुढे मराठीत पुस्तक करायचं ठरवलं तर माझ्याच प्रकरणांसाठी परवानगी मागत बसलो, मिळाली नाही, अजून मनाला लागतं ते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने 5 वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत, पण त्यांनी ‘कायमचे’ असं लिहिलेलं असतं तिथे तू अडकतेस. भाषांतराचा हक्क तर अजिबात सोडू नकोस, हा विषय मराठीत परत यायलाच हवा. तुझं एक प्रकरण जर्नलला दिलंयस ना, त्यांच्या करारात प्रबंधात वापरायला परवानगी आहे का तेही बघ.

पुस्तक नक्की करायचं असेल तर गाईडना एम्बार्गोचं विचार, काही ठिकाणी प्रबंध थोडा काळ बंद ठेवता येतो. आणि दापोलीच्या तुझ्या मैत्रिणीला सांग, आंब्यावरच्या प्रक्रियेचं पेटंट घ्यायचं मनात असेल तर आधी अर्ज, मगच ऑनलाइन, नाहीतर पेटंटला लागणारा नवेपणाच जातो.

रविवारी ये, संमतीपत्र आण, दोघं मिळून ओळ न् ओळ वाचू. सही मात्र तोपर्यंत करू नकोस.

तुझा,
सर