कोचची प्रार्थना आणि आपली दिवाळी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो. मुलगा इथल्या सरकारी शाळेत सातवीत आहे आणि यंदा शाळेच्या फुटबॉल संघात आला. प्रत्येक सामन्याआधी कोच मुलांना गोलात गुडघ्यांवर बसवतात आणि येशूच्या नावाने प्रार्थना म्हणतात. एकदा हा बाजूला उभा राहिला. कोणी रागावलं नाही, पण त्या दिवशी त्याला जवळजवळ खेळवलंच नाही. आता तोही गुडघे टेकतो. हे म्हणतात, 'परक्या मुलखात आलोय, उगाच कशाला वाकड्यात शिरायचं?' खरंच काही करता येत नाही का? आणि दुसरं, धाकटीच्या वर्गात दिवाळीला मी मुलांकडून 'शुभं करोति' म्हणवून घेऊ का?
– एक आई

उत्तर : तुमच्या यजमानांची काळजी मला कळते. मी इथल्या सरकारी शाळेत बरीच वर्षं समुपदेशक होते. आपल्याकडचे आईवडील तक्रार घेऊन यायचे ते आधी 'सॉरी' म्हणतच. पण इथे मेहेरबानीचा प्रश्नच नाही. सरकारी शाळेच्या नोकराने कामावर असताना मुलांकडून प्रार्थना करून घ्यायची नाही, हा या देशाचा कायदा आहे आणि तो जुना आहे.

न्यूयॉर्क राज्याने शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली होती. इंग्रजीत जेमतेम बावीस शब्दांची. त्यात कोणत्याही एका धर्माचं नाव नव्हतं, नको असेल त्या मुलाला गप्प राहायची मुभाही होती. तरीसुद्धा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कारण प्रार्थना रचून देणं हे सरकारचं कामच नव्हे. तुमचे कोच तर येशूचं नाव घेऊन प्रार्थना करवतात.

'जबरदस्ती कुठे केली?' असं शाळा म्हणेल. तेव्हा १९९२ चा निकाल लक्षात ठेवा. ऱ्होड आयलंडमधल्या एका सरकारी शाळेच्या निरोपसमारंभात एका ज्यू धर्मगुरूंना प्रार्थनेला बोलावलं होतं. न्यायालयाने म्हटलं, सगळे उभे असताना एकट्या मुलाने वेगळं वागायचं, हा दबावच आहे; तो उघड नसला म्हणून कमी होत नाही. तुमच्या मुलाने तो अंगावर घेतला आणि वर बाकावरही बसला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खेळायला न मिळणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलंय. त्याने गुडघे टेकले म्हणून त्याच्यावर अजिबात चिडू नका.

कोणीतरी तुम्हाला वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या कोचचा दाखला देईल, की २०२२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. जिंकला, हे खरं. पण न्यायालयापुढे होती ती सामना संपल्यावर मैदानात त्याने स्वतःपुरती केलेली प्रार्थना. आधी तो लॉकर रूममध्ये मुलांसोबत प्रार्थना करायचा, ते शाळेने सांगितल्यावर त्याने थांबवलं होतं, आणि निकाल त्याबद्दल नव्हता. मुलांना बोलावून गुडघ्यांवर बसवायची परवानगी त्या निकालातून निघत नाही.

तर आता करायचं काय? आधी मुलाशी बोला, त्याला न विचारता पाऊल उचलू नका. संघात रोज जायचं त्याला आहे. मग प्रिन्सिपलना ईमेल करा. कोचना गाठून वाद घालू नका, फोनवरही बोलू नका, सगळं लेखी हवं. कोणत्या तारखेला, कोणत्या सामन्याआधी, मुलांना कोणी बोलावलं, काय म्हटलं गेलं, मुलगा बाजूला उभा राहिला त्या दिवशी किती मिनिटं खेळला, एवढंच लिहा. धर्मावर टीकेचा एक शब्दही नको. उत्तर लेखी मागा आणि प्रत स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, सुपरिंटेंडेंटना पाठवा. बहुतेकदा एवढ्याने भागतं, कारण डिस्ट्रिक्टच्या वकिलाला हे निकाल पाठ असतात. नाहीच भागलं, तर एसीएलयूसारखी नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था अशी प्रकरणं फी न घेता लढते.

आता दिवाळी. नाही, 'शुभं करोति' म्हणवून घेऊ नका. मला माहीत आहे, हे ऐकून वाईट वाटेल. पण शिक्षिकेने बोलावलं, तासाला तुम्ही उभ्या राहिलात आणि वीस मुलांना हात जोडायला लावलेत, तर त्या वर्गातल्या एखाद्या ख्रिस्ती किंवा मुसलमान आईने तुमच्यासारखंच पत्र का लिहू नये? माहिती देणं मात्र पूर्ण मोकळं आहे. १९६३ मध्ये याच न्यायालयाने शाळेतलं सक्तीचं बायबलवाचन बंद करताना स्पष्ट म्हटलं होतं की धर्म अभ्यासाचा विषय म्हणून शिकवायला हरकत नाही. पणती दाखवा, रांगोळी काढू द्या, आम्ही संध्याकाळी दिव्यापाशी काय म्हणतो आणि का, तेही सांगा. फक्त म्हणायला लावू नका.

धाकटीला स्वतःहून डब्याआधी 'वदनी कवळ' म्हणायचं असेल, तर तिला कोणी अडवू शकत नाही. थोरल्याने गंध लावून शाळेत जायलाही तुमच्या चिठ्ठीची गरज नाही. फराळ नेणार असाल तर शेंगदाणे आणि काजूचं शिक्षिकेला आधी विचारा. ॲलर्जीच्या बाबतीत इथल्या शाळा फार कडक असतात.