डाव्या हातात गज धरणारा कोणी मोठा व्हायोलिनवादक झाला आहे का?

तुमच्या मुलीच्या डाव्या हाताच्या बोटाला इजा झाली आणि शिक्षकांनी व्हायोलिन सोडायला सांगितलं, म्हणून तुम्ही हे विचारलंय. हो, झाला आहे. रुडॉल्फ कोलिश, जन्म १८९६, ऑस्ट्रिया. लहानपणी त्याच्याही डाव्या हाताच्या मधल्या बोटाला इजा झाली होती. तारांवर सूर नेमका दाबायला बोटं धड लागतात, गज मात्र दुखऱ्या बोटानेही सांभाळता येतो. म्हणून त्याने हात बदलले: व्हायोलिन उजव्या हातात, गज डाव्या.

व्हिएन्नात तो संगीतरचनाकार शोएनबर्गकडे शिकला. पुढे कोलिशच्या बहिणीशी लग्न करून शोएनबर्ग त्याचा मेहुणाही झाला. कोलिशचं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवादकांचा गट, नोटेशन समोर न ठेवता वाजवायचं. आपल्याकडच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही, पण तिथे चौघांनी मिळून लिखित रचना, त्याही इतक्या अवघड, पाठ वाजवणं ही विलक्षण गोष्ट होती. रचनाकार बर्गचा 'लिरिक सूट' १९२७ मध्ये, रचनाकार बार्टोकचं पाचवं क्वार्टेट (अशा गटासाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) १९३५ मध्ये आणि सहावं १९४१ मध्ये, तिन्ही पहिल्यांदा कोलिशच्याच क्वार्टेटने वाजवली. सहावं तर बार्टोकने त्यांनाच अर्पण केलंय.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि कोलिशचं घर अमेरिकाच झालं. पुढे ते क्वार्टेटही मोडलं. १९४४ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात तो शिकवू लागला आणि तिथल्या प्रो आर्ते क्वार्टेटचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. हे मूळचं बेल्जियमचं क्वार्टेट. मे १९४० मध्ये मायदेशावर जर्मन आक्रमण झालं तेव्हा ते नेमकं या विद्यापीठाच्या गावी, मॅडिसनमध्ये होतं आणि तिथेच राहिलं. म्हणजे निर्वासितांच्या क्वार्टेटला निर्वासित नेता! मला त्याच्या आयुष्यातला हा भाग फार हलवून जातो. १९६७ नंतर तो बॉस्टनला शिकवत होता, १९७८ मध्ये वारला.

आता मुलीबद्दल. नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. व्हायोलिनच्या पोटातली आधाराची काडी आणि पट्टीही बाजू बदलून बसवावी लागतात, म्हणून जाणत्या कारागिराकडेच जा. ऑर्केस्ट्रात शेजाऱ्याच्या गजाला गज लागेल, ही अडचण खरी आहे. हिंदुस्थानी पद्धतीने, बसून एकटीने वाजवणार असेल तर तीही नाही. हात बदलायचे तर लवकर बदला, बोटं एका बाजूला मुरण्याआधी. आणि कोलिश क्वार्टेटने १९३६-३७ मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेली शोएनबर्गची चारही क्वार्टेट्स तिच्या शिक्षकांना जरूर ऐकवा.