पॅसेजभर चपला

पत्र: ताई, मी ठाण्यात, राबोडीत राहते. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. समोरच्या फ्लॅटमध्ये मुस्लिम कुटुंब आहे. गेलं वर्षभर प्रभूने त्यांना येशूची ओळख करून देण्याचं ओझं माझ्या मनावर ठेवलंय. रमजान ईदला भाभींनी शीरखुर्मा पाठवला (बिनदाताच्या सासऱ्यांसाठी त्या शेवया अगदी मऊ करतात). डबा परत करताना आत उर्दू शुभवर्तमानाचं पुस्तक ठेवावं असं मनात आलं. पाळकांनीही उत्तेजन दिलं. पण प्रभूची इच्छा नीट कळेना, म्हणून एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली. मध्ये एकदा डबा घेऊन निघालेही होते, पण त्याच दिवशी त्यांच्या सासूबाई वारल्या होत्या, पॅसेजभर चपला होत्या, म्हणून परत फिरले. आता भाभी स्वतःहून डबा मागायला आल्या तर ते चिन्ह समजेन, असं देवाजवळ मागितलंय. दोन महिने झाले, त्या आल्या नाहीत. नवरा म्हणतो, नसती भानगड नको. 1321 साली याच ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाच्या चार ख्रिस्ती साधूंनी मुसलमानांपुढे साक्ष देताना प्राण दिले, आणि मला एक डबा देववत नाही. देवाचं मार्गदर्शन ओळखायचं कसं?

उत्तर: बाई गं, तुझ्या पत्रात ओझं आहे, चिन्ह आहे, पाळक आहेत, नवरा आहे. मला मात्र त्या चपलाच दिसत राहिल्या.

मयताच्या घराबाहेर चपला कशाने साचतात? माणसं आत जातात म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकू, दूधवाला, कोण कुठला लांबचा मेहुणा, सगळे आत गेले. तू त्या चपला बघितल्यास आणि कडी लावून घेतलीस. तेही त्यांचाच डबा हातात घेऊन.

त्यांच्यात कितीतरी घरांत मयतानंतर तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक जेवण आणून देतात. प्रेषित महंमदांचा चुलतभाऊ जाफर लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा त्याच्या घरच्यांसाठी जेवण करायला प्रेषितांनीच सांगितलं होतं, ती ही रीत. म्हणजे ज्या दिवसांत त्या घराला भरलेल्या डब्यांची गरज होती, त्या दिवसांत त्यांचा रिकामा डबा तुझ्या ओट्यावर पालथा पडला होता. तिकडे चूल बंद, इकडे तुझा उपास. एका पॅसेजमधली दोन घरं उपाशी, आणि त्यातलं एक दुसऱ्यासाठी प्रार्थना करतंय! मला राग आला, लपवत नाही.

देव कसा बोलतो, हे मी सांगणार नाही. मी तुमच्या मंडळीतली नाही. शाळेत जाता-येता मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन चर्च बाहेरून पाहिलंय, तेवढीच ओळख. पण बायबलातल्या, देवाकडे चिन्ह मागणाऱ्या गिदोनाची गोष्ट मलाही माहीत आहे. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि दव कुठे पडतं ते पाहिलं. तू ओट्यावर स्टीलचा डबा ठेवलास आणि ज्या बाईच्या घरात मयत झालंय तिने येऊन तो मागावा, अशी अट घातलीस. कोण मागतं गं डबा? रीतीची बाई डबा मागत नाही. हे चिन्ह कधीच दिसणार नाही, आणि खरं सांगू, म्हणूनच तू ते निवडलंस असं मला वाटतं.

आता तुझे ते चार साधू. त्यांची गोष्ट काढलीस ते बरं केलंस, कारण ती अर्धीच सांगितली आहेस. ओडोरिक नावाच्या प्रवासी साधूने ती लिहून ठेवली आहे. हे चौघे ठाण्यात एका ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काजीकडे गेली आणि म्हणाली, घरात चार साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. तिथून बोलावणं आलं. एक जण सामान राखायला मागे राहिला, तिघे गेले. पुढे धर्मावर वाद पेटला आणि चौघांचेही प्राण गेले, ते खरंच. पण त्यांची पहिली साक्ष मार खाल्लेल्या बाईच्या कामाची होती. परक्या गावात उतरलेल्या त्या माणसांना घरात काय चाललंय ते ठाऊक होतं. तू वर्षभर समोर राहतेस, आणि सासूबाईंना काय झालं होतं ते तुझ्या पत्रात कुठेच नाही.

त्यांचा गुरू फ्रान्सिस स्वतः 1219 मध्ये, लढाई चालू असताना, इजिप्तच्या सुलतानाला भेटून आला होता. 1221 च्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये जाणाऱ्यांना दोन रीती सांगितल्या. एक, वाद घालू नका, देवासाठी प्रत्येकाच्या सेवेत राहा, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे उघड सांगा. दुसरी, देवाला रुचेल असं दिसलं की वचन सांगा. तू दुसरीसाठी एकवीस दिवस उपाशी राहिलीस. पहिलीसाठी एक पॅसेज ओलांडायचा होता.

तेव्हा आज संध्याकाळी जा. पाळकांना विचारू नकोस, नवऱ्यालाही नको. डबा भरून ने आणि त्यात पुस्तक ठेवू नकोस. तुला ते पुस्तक एवढं मोलाचं वाटतं ना? मग ते झाकणाखाली लपवून कशाला द्यायचं? कधी त्यांनी होऊन विचारलं तर चांगलं हातात दे. आज फक्त म्हण, ‘भाभी, अम्मी गेल्या तेव्हा मी आले नाही, माझं चुकलं.’ मग बस. त्या रडल्या तर रडू दे, चहा आला तर पी. का आली नाहीस असं विचारलं तर खरं ते सांग, की तुमच्यासाठीच प्रार्थना करत होते. ऐकून त्या हसतील कदाचित.

रव्याचे लाडू कर. पाक कच्चाच ठेव, सासऱ्यांना दात नाहीत.